बहिरी, पॉइंटर आणि ग्राउस: माळावर या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये लाल ग्राउस या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. बहुतेक शिकारी बंदुका घेऊन जातात. उत्तरेकडे केथनेस, सदरलंडच्या उघड्या माळांवर मात्र हातावर बहिरी ससाणा आणि पुढे पॉइंटर किंवा सेटर जातीचा कुत्रा घेऊन निघण्याची जुनी परंपरा आहे. कुत्रा वाऱ्याकडे तोंड करून माळ पिंजून काढतो आणि हेदरच्या झुडपांत दडलेल्या ग्राउसचा वास लागला की जागीच थिजतो. यालाच पॉइंट म्हणतात. मग बहिरीच्या डोक्यावरची टोपी काढायची. ती घिरट्या घेत शंभर, दोनशे मीटर, चांगली तयार असेल तर त्याहूनही वर चढते आणि कुत्र्याच्या डोक्यावर येऊन थांबते. त्यानंतर माणसाने पक्षी उठवायचे आणि बहिरीने वरून सूर मारायचा.

यात ग्राउस निसटणं ही रोजचीच गोष्ट आहे, त्याचं दुःख करू नये. दुःख करावं ते बहिरी चुकीचा धडा शिकून घरी येते तेव्हा. ती आपल्या प्रेमाखातर वर जात नाही. वर गेलं की खाली पक्षी उठतो, हा अनुभव तिला वारंवार आलेला असतो म्हणून जाते. पुढच्या बहुतेक चुका तिच्या याच विश्वासाला तडा देणाऱ्या आहेत.

आधी कायद्याचं स्पष्ट सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहिरी पकडणं, पाळणं आणि तितरांची शिकार करणं गुन्हा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारा शाहीन हा बहिरीचाच भाऊबंद. तो दुर्बिणीतूनच पाहावा. ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय रानातल्या बहिरीला हात लावता येत नाही. तिथे बंदिवासात जन्मलेले, कागदपत्रं असलेले पक्षी उडवतात, आणि माळाच्या मालकाची परवानगी लागतेच. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन १९५० आणि ६० च्या दशकांत बहिरी अनेक देशांतून नाहीशी होत आली होती. तिची बंदिवासात पैदास करण्याचं काम अमेरिकेत टॉम केड यांच्यासारख्या ससाणे पाळणाऱ्यांनीच पुढे नेलं. त्यांनी १९७० मध्ये पेरेग्रिन फंड ही संस्था स्थापली. हा पक्षी आपल्या हातावर कसा आला हे ज्याला ठाऊक आहे, तो पुढच्या गोष्टींत कुचराई करणार नाही.

बहिरी वर चढते, पण लांब निघून जाते

दोष बहिरीला दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण जमिनीवर असतं: कुत्र्याचा खोटा पॉइंट. ग्राउस थोड्या वेळापूर्वी तिथे चरून पायी निघून गेलेले असतात, मागे वास राहतो. कोवळा कुत्रा त्यावरच थिजतो. कधी एखादा चिमुकला चंडोलही त्याला पुरतो. बहिरी वर जाते, वाट बघते, माणूस हेदर तुडवत फिरतो आणि काहीच उठत नाही. असं एकदा झालं तर ती विसरते. वरचेवर झालं की ती स्वतःच शोधायला लागते: दूरवर उडणारं कबूतर, समुद्रपक्षी, शेजारच्या खोऱ्यातलं काहीही. एकदा तिथे तिला यश मिळालं की तुमच्या कुत्र्याकडे बघण्याचं तिला कारणच उरत नाही.

म्हणून टोपी काढण्याआधी कुत्रा वाचायला शिका. खरा वास लागलेला कुत्रा अंगभर ताठ असतो, डोकं वर आणि स्थिर. शेपूट हलत असेल, नाक खाली जात असेल, तो मागे वळून तुमच्याकडे बघत असेल, तर थांबा. त्याला हळू पुढे सरकू द्या. ग्राउस चालत असतील तर तो पावलापावलाने मागोवा घेत पुन्हा ठाम उभा राहील. ही चार मिनिटं वाया जात नाहीत. माझं मत असं, की बहिरीच्या पहिल्या हंगामात कुत्रा जुना आणि भरवशाचा हवा. नवी बहिरी आणि नवा कुत्रा एकाच माळावर आणू नये. दोघेही एकमेकांच्या चुका शिकतात.

पॉइंट खोटाच निघाला तर? बहिरी वर असताना कुत्र्याला लगेच पुढे सोडा, जवळपास दुसरा पक्षी मिळतो का बघा. नाहीच मिळाला तर ती डोक्यावर, चांगल्या उंचीवर असतानाच दोरीला बांधलेलं आमिष फिरवून बोलवा आणि पोटभर द्या. ती भरकटून लांब गेल्यावर किंवा खाली घोटाळायला लागल्यावर आमिष दाखवलं, तर नेमक्या त्याच वागण्याचं बक्षीस तिला मिळतं.

वर चढतच नाही

साठ-सत्तर मीटरवर बहिरी फिरत असते, पक्षी समोर असतो, बघायला मित्र आलेले असतात. माणूस अधीर होतो आणि पक्षी उठवतो. समजा तिने त्या उंचीवरूनही पकडला. आता तिला कळलं की एवढंच चढलं तरी चालतं. पुढचा सगळा हंगाम हे निस्तरण्यात जातो. ती चढत असेपर्यंत थांबा. चढणं थांबवून ती तरंगायला लागली आणि डोक्यावर आली, की मगच उठवा. उंची तिच्या रोजच्यापेक्षा कमी असेल तर आणखी थोडं थांबण्याचा संयम हवा, आणि तोवर कुत्राही न हलता उभा राहायला हवा.

दुसरं कारण वजन. उपाशी बहिरी आज्ञाधारक होते हा समज फार नुकसान करतो. उड्डाणाच्या वेळी मादी साधारण ९०० ते १००० ग्रॅमच्या आसपास असते, पण प्रत्येकीचा आकडा वेगळा. त्याच्या खाली गेलेली बहिरी तुमच्याभोवतीच घुटमळते, हाताकडे बघते, चढायला तिच्यात ताकदच नसते. रोज एकाच वेळी, तिने पिसांचा गोळा ओकून टाकल्यानंतर तोला. आणि नुसत्या काट्यावर विसंबू नका. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचं मांस बोटांनी चाचपा. थंडी वाढली, वारा सुटला, की तेवढ्याच खाण्यात वजन झपाट्याने उतरतं. हंगाम पुढे सरकेल तसे तिचे स्नायू भरतात, म्हणून ऑगस्टचा आकडा ऑक्टोबरमध्ये तिच्यासाठी कमी पडतो.

पक्षी उठतो, पण बहिरीला संधीच मिळत नाही

वारा चुकला. कुत्रा वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो, ग्राउस त्याच्या पुढे. त्याच्या मागून सरळ चालत गेलात तर ग्राउस वाऱ्यावर तोंड करून पुढे पळतील, आणि बहिरी मागे लटकत असेल तर तिला समोरून वारा कापत पाठलाग करावा लागेल. सरळ पाठलागात ग्राउस तिला सहज थकवतो. लांबून वळसा घालून पक्ष्यांच्या पलीकडे जा. बहिरी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, त्यांच्या थोडी पुढे असताना त्यांना वाऱ्यासोबत, कुत्र्याच्या दिशेने उठवा. तेव्हा सूर पूर्ण उतरतो आणि वारा बहिरीच्या बाजूने असतो. ती गिरकी घेत मागच्या टोकाला गेली असेल, तर पुढची फेरी येईपर्यंत थांबा. फरक काही सेकंदांचा, पण उड्डाणाचं भवितव्य त्यावरच ठरतं.

कुत्र्याने स्वतःहून झडप घालून पक्षी उठवले, तर सगळी तयारी वाया. पक्षी उठल्यावर बसून राहणं त्याला बहिरीशिवाय, आधी वेगळं शिकवावं लागतं. ग्राउसच्या मागे धावणारा कुत्रा माळावर आणूच नये. तो जमिनीवर बसलेल्या बहिरीपर्यंतही पोचू शकतो.

गरम दुपारी

ऑगस्टच्या उन्हात माळावरून गरम हवेचे झोत उठतात. बहिरी त्यांवर आयती चढते, मजेत तरंगत राहते आणि वाहत जाते. कुत्र्यालाही कोरड्या उन्हात वास मिळत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी जा. संध्याकाळी गेलात तर शोधाशोधीपुरता उजेड राखून ठेवा. आकाशात सोनेरी गरुड दिसला तर टोपी काढूच नका.

पकडल्यावर

इथे धावत जाणारी माणसं बघवत नाहीत. बहिरीला वाटतं तिचं खाणं हिसकावलं जातंय. मग ती शिकार ओढत नेते, आणि तितरासारखा हलका पक्षी असेल तर उचलून उडून जाते. वाकून, बाजूने, थांबत थांबत जा. तिला मान आणि डोकं खाऊ द्या, मग हातमोज्यावर दुसरा घास देऊन हळूच उचला. बंदुकीने मारलेलं कबूतर खायला कधीही देऊ नका. शिशाचा एक छर्रा पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते.

सामान

पायात उडताना घालायच्या वाद्या बिनचिरेच्या असाव्यात. घरी कडीत अडकवायच्या वाद्यांना चीर असते. त्याच ठेवून उडवलं तर बहिरी काटेरी तारेत किंवा फांदीत अडकून उलटी लटकते आणि मरते. एके काळी लाहोरची घुंगरं युरोपात नावाजलेली होती, आजही बरेच जण घुंगरू बांधतात, पण खोऱ्यापलीकडे आवाज पोचत नाही. पाठीवर किंवा पायात ट्रान्समीटर हवाच, आणि त्याची बॅटरी टोपी काढायच्या आधी तपासायची.

एवढं करूनही बहिरी अंधारात हरवली, तर शेवटचा सिग्नल जिथून आला ती दिशा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी तिथे पोचा. पोट भरलेलं असेल तर ती रात्री जिथे बसली तिथेच बहुधा पहाटे सापडते. उन्हं वर येऊन हवा तापली की मात्र ती उठते आणि निघून जाते.