मागचे स्पीकर अखेर बोलू लागले
प्लेस्टेशन ४ ऑप्टिकल केबलने जुन्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिसीव्हरला जोडला, पण मागचे दोन्ही स्पीकर गप्प. वायरी तपासल्या, स्पीकरांची अदलाबदल केली, सगळं ठीक. मग रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘पीसीएम’ (कॉम्प्रेस न केलेला डिजिटल आवाज) दिसलं आणि उलगडा झाला. ऑप्टिकलमधून पीसीएम आवाजाचे दोनच चॅनल जातात, ५.१ हवं तर तो डॉल्बी किंवा डीटीएस या फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस करूनच पाठवावा लागतो.

प्लेस्टेशनच्या सेटिंग्जमध्ये ‘साउंड अँड स्क्रीन’मधल्या ‘ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज’मध्ये मुख्य पोर्ट ऑप्टिकल आणि डॉल्बी ५.१ वर खूण, एवढं मी आधीच केलं होतं. राहिला होता त्याखालचा ‘ऑडिओ फॉरमॅट’. तो लिनिअर पीसीएमवरून बिटस्ट्रीम डॉल्बीवर नेला आणि गेममधला पाऊस थेट पाठीमागे कोसळू लागला! किती बरं वाटलं.

स्लिम मॉडेलला मात्र ऑप्टिकल पोर्टच नाही, जुना रिसीव्हर असेल तर आधी बघून घ्या.