बॅटरीचं टर्मिनल निघत नाही? कोकणात गाडी ठेवणाऱ्यांनी या चुका टाळा

शिमग्याला गावी आणलेली गाडी पावसाळाभर मांडवात उभी राहते. गणपतीच्या तोंडावर चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येतो. बॉनेट उघडावं तर बॅटरीच्या पोलवर, म्हणजे वर आलेल्या खुंटावर, पांढरा-निळसर थर फुगून आलेला असतो. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ असं लगेच ठरवू नका. पोल आणि त्यावर बसलेला टर्मिनलचा क्लॅम्प (वायरीच्या टोकाची आवळणारी कडी) यांच्यामध्ये क्षार शिरला की इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट तिथेच अडतो. क्लॅम्प काढायचा, दोन्ही बाजू घासायच्या आणि परत बसवायचा, एवढंच काम असतं. खरं नुकसान होतं ते क्लॅम्प काढताना. काही हजारांची बॅटरी काहीशे रुपयांच्या अवजाराअभावी फुटते आणि ते पाहताना जीव हळहळतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी तो इतका घट्ट का बसतो ते पाहू. बॅटरीचा पोल शिशाचा असतो आणि वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. क्लॅम्पही आतून तसाच असतो. त्यामुळे तो खाली दाबला जाईल तसा आवळत जातो. बॅटरीतून निसटणारी आम्लाची वाफ तांब्याच्या वायरीला आणि क्लॅम्पच्या धातूला खाते आणि त्यांचे क्षार साचतात. हे घाटावरही होतं. पण आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून धातूवर ओलसर पापुद्रा कायम राहतो आणि नट-बोल्टही गंजून धरून बसतो. गाडी कर्दे-मुरूडच्या पुळणीवर फिरवून आणली असेल तर विचारायलाच नको. म्हणजे इथे नट सैल केला तरी क्लॅम्प आपोआप वर येईल अशी अपेक्षा धरू नये.

प्लसपासून सुरुवात करू नका

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हा नियम पाठ असलेले पुष्कळ भेटतात, पण कारण माहीत नसल्यामुळे घाईत विसरतात. गाडीची संपूर्ण बॉडी मायनसला जोडलेली असते. तुम्ही प्लसचा नट पान्याने फिरवत आहात आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या पत्र्याला किंवा इंजिनला लागलं, तर बॅटरीचे दोन्ही पोल थेट जोडले गेले. पाना क्षणात लालबुंद तापतो, ठिणग्या उडतात, हात भाजतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की तो पेट घेऊ शकतो, हे त्यात जमेला धरा. मायनस आधी सुटलं असेल तर प्लसवर काम करताना पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही.

वायरीच्या रंगावर जाऊ नका. जुन्या गाडीत कधी कोणती वायर बदलली असेल सांगता येत नाही. पोलजवळ बॅटरीवर कोरलेली + आणि − ही चिन्हं पाहा. जाड पोल प्लसचा असतो आणि बारीक मायनसचा, ही दुसरी खूण. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली तर तेच अवजार अनेक पटींनी सुरक्षित होतं, आणि टेपचं रीळ किराणा दुकानातही मिळतं.

इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढणं

‘अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारं जनित्र) चार्ज करतो का बघू’ म्हणून चालू इंजिनवर टर्मिनल उपटण्याची पद्धत अजून दिसते. जुन्या जीपवर ती खपून गेली असेल. आजच्या गाडीत बॅटरी अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि त्याचा मार थेट इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, बसतो. चार्जिंग तपासायचं तर व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर पुरे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. एवढ्यासाठी टर्मिनलला हातही लावावा लागत नाही.

इंजिन बंद केल्यावरही चावी काढून काही मिनिटं थांबा. एअरबॅग असलेल्या गाडीत हे आवश्यकच आहे. आणि चावी आत ठेवून दारं लावू नका. बॅटरी सुटली की सेंट्रल लॉक आणि डिकी तुमचं ऐकतीलच असं नाही.

चुकीचा पाना

बहुतेक कारच्या क्लॅम्पला दहा नंबरचा पाना लागतो. जुन्या जीपला, टेम्पोला बारा किंवा तेरा लागू शकतो. घरात सापडलेला ॲडजस्टेबल पाना किंवा पक्कड लावून फिरवायला जाऊ नका. गंजाने आधीच कमकुवत झालेल्या नटाचे कोपरे पहिल्याच झटक्यात गोल होतात आणि मग योग्य पानाही धरत नाही. दहा नंबरचा रिंग पाना सहाही कोपरे धरतो. तो अखूड दांड्याचा घ्या, म्हणजे फिरवताना शेजारच्या पत्र्याला लागणार नाही.

नट फिरवताना बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवायला पुष्कळ जण विसरतात. तसं केलं नाही तर तुमचा सगळा जोर पोलला पिळतो. नट हलतच नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे थोडासा, फक्त नटावर मारा आणि दहा मिनिटं थांबा. स्प्रे ज्वालाग्राही असतो, त्यामुळे तो उडून जाईपर्यंत ठिणगीची शक्यता ठेवू नका. नट गोल झालाच असेल तर लॉक होणारा ग्रिप प्लायर घट्ट आवळून फिरवा. तोही हरला तर मायनस सोडवून, करवतीच्या पात्याने बोल्ट कापून टाका. सहा मिलिमीटरचा नवा बोल्ट चहाच्या पैशात येतो, त्याच्यासाठी बॅटरी पणाला लावू नये.

स्क्रू ड्रायव्हरने उचकटणं: सगळ्यात महाग पडणारी चूक

नट सैल झाला, क्लॅम्प हलत नाही, म्हणून मोठा स्क्रू ड्रायव्हर क्लॅम्पखाली घालून बॅटरीच्या झाकणावर टेकवायचा आणि दाबायचं. नव्वद टक्के माणसं हेच करतात असं मला वाटतं, कारण तेवढंच अवजार हाताशी असतं. यात तीन ठिकाणी मोडतोड होऊ शकते. झाकण प्लॅस्टिकचं आहे, त्याला तडा जातो. शिसं मऊ असल्यामुळे पोल वाकतो किंवा झाकणाला जिथे चिकटलेला असतो तिथलं सील सुटतं, आणि त्या फटीतून आम्ल झिरपत राहतं. मग तुम्ही कितीही घासा, दोन महिन्यांत थर पुन्हा हजर. तिसरी मोडतोड बाहेरून दिसत नाही. पोल आत प्लेट्सना जोडलेला असतो आणि तो जोड तुटला की बॅटरी आज चालते, उद्या खड्ड्यात गाडी आपटली की बंद पडते. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री असं होऊन थांबावं लागणं म्हणजे काय, ते त्या रस्त्याने येणाऱ्यांना सांगायला नको. हातोडीने खालून ठोकणं हीच चूक, फक्त दुसऱ्या अवजाराने केलेली.

नीट काम दोन टप्प्यांत होतं: आधी क्लॅम्प रुंद करायचा, मग सरळ वर उचलायचा.

रुंद करण्यासाठी क्लॅम्पला बोल्टजवळ जी फट असते, तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर उभा घाला आणि मनगटाने हलकेच फिरवा. स्क्रू ड्रायव्हर तोच, पण इथे जोर क्लॅम्पवर जातो, झाकणावर नाही. फट केसभर रुंदावली की पुरे. याच कामासाठी उलटी चालणारी पक्कड मिळते. मुठी दाबल्या की तिचे जबडे उघडतात. ती हाताशी असली तर छान, नसली तर अडत नाही.

उचलण्यासाठी मात्र टर्मिनल पुलर विकत घ्याच. छोटंसं अवजार आहे: दोन वाकडे पाय क्लॅम्पखाली अडकतात आणि मधला स्क्रू पोलच्या डोक्यावर टेकतो. स्क्रू फिरवला की पाय क्लॅम्पला वर ओढतात आणि तेवढाच दाब पोलला खाली ठेवतो. पोल ना वाकतो, ना उपटतो. साधा पुलर काहीशे रुपयांत मिळतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा ठिकाणी ऑटो स्पेअरच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. घेताना पायांची टोकं पातळ आहेत ना ते पाहा. जाड टोकं क्लॅम्प आणि झाकण यांच्यामधल्या फटीत शिरत नाहीत आणि मग अवजार पेटीतच राहतं. वाडीतल्या चार घरांनी मिळून एक घेतला तरी सगळ्यांची सोय होते.

पुलर लावला म्हणजे ताकद लावायची असं नाही. अर्धा फेरा द्या, थांबा, क्लॅम्प हाताने किंचित डावी-उजवीकडे हलवून पाहा, मग पुढचा अर्धा फेरा. स्क्रू जड लागायला लागला तर थांबा, नट खरंच सैल आहे का पाहा आणि क्लॅम्पवर थोडं गरम पाणी सोडा. क्षार विरघळतो आणि क्लॅम्प तापून जरासा फुलतो. तेवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

नव्या गाड्यांत पुलर लावण्याआधी दोन गोष्टी नीट पाहा. मायनस क्लॅम्पला चिकटलेला छोटा काळा डबा दिसला तर तो बॅटरीचा सेन्सर आहे. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत तो हमखास असतो. त्याचा प्लग आधी काढा आणि त्याच्यावर जोर येऊ देऊ नका. प्लसच्या क्लॅम्पवरच फ्यूजचा प्लॅस्टिकचा डबा बसवलेला असेल तर तो आधी मोकळा करा, नाहीतर पुलरने त्याचेच तुकडे होतील.

रॉकेल, कोला आणि फुंकर

थर काढायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, कारण इथे ठिणगी केव्हाही पडू शकते. कोल्ड्रिंक ओतल्यावर थर सुटतो खरा, पण मागे साखरेचा चिकटा राहतो आणि त्यावर मुंग्या आणि धूळ दोन्ही जमतात. स्वयंपाकघरातला खायचा सोडा सगळ्यात चांगला. पेलाभर गरम पाण्यात चमचा-दोन चमचे सोडा घाला, जुन्या टूथब्रशने लावा. फसफसतं आहे म्हणजे आम्ल मरतं आहे. फसफसणं थांबलं की साध्या पाण्याने धुवा. त्याआधी बॅटरीची डिस्टिल वॉटरची झाकणं घट्ट बसली आहेत याची खात्री करा. सोडा आत गेला तर आतलंही आम्ल मरेल.

त्या पांढऱ्या पुडीवर फुंकर मारू नका. तिच्यात शिशाचे क्षार असतात. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या, काम झाल्यावर हात साबणाने धुवा. आणि ते पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, हे कळकळीने सांगतो. आम्ल डोळ्यात उडालंच तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि थेट डॉक्टरकडे जा.

मग पोल बाहेरून आणि क्लॅम्प आतून चकचकीत होईपर्यंत घासायचा. त्यासाठी दोन तोंडांचा तारेचा ब्रश मिळतो, पण पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळूनही तेवढंच साधतं. कानस मात्र वापरू नका. शिसं पटकन झिजतं आणि पोल बारीक झाला की क्लॅम्प पुन्हा कधी नीट आवळत नाही.

परत बसवताना

क्लॅम्प ठोकून बसवू नका. फट रुंद करा आणि तो हाताने पूर्ण खाली जाऊ द्या. पोलचं डोकं क्लॅम्पच्या किंचित वर दिसलं पाहिजे. प्लस आधी, मायनस नंतर. अखूड पान्याने, मनगटाच्या जोरावर आवळा. हाताने पिळून पाहिल्यावर क्लॅम्प फिरला नाही म्हणजे झालं.

क्लॅम्प सैल राहतो म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल किंवा पत्र्याचा तुकडा कोंबलेला मी किनाऱ्यालगतच्या गाड्यांत वारंवार पाहतो. मिठाच्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की गंज झपाट्याने वाढतो. पोल जाड आणि बारीक अशा दोन मापांत येतात. लहान कारच्या बऱ्याच बॅटऱ्या बारीक पोलच्या असतात. बॅटरी बदलताना दुकानदाराने दुसऱ्या मापाची दिली असेल तर शिशाची रिंग मिळते ती घाला, किंवा क्लॅम्पच बदला.

व्हॅसलिन किंवा ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. मध्ये थर देऊ नका. धातूला धातू लागला पाहिजे. आपल्या हवेत हा लेप पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा नव्याने द्यावा. लाल टोपी प्लसवर परत बसवायला विसरू नका.

तरीही ‘टक्’ येत असेल तर

मल्टिमीटरची एक पिन पोलच्या डोक्यावर टेकवा, दुसरी क्लॅम्पवर, आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. तेव्हा ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर जोड अजून खराब आहे, पुन्हा काढून घासा. जवळजवळ शून्य दाखवलं तर दोष टर्मिनलचा नाही. मग मायनस वायर बॉडीला जिथे बोल्टने बसवलेली असते ती जागा तपासा. खारट हवेत तीही तितकीच गंजते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

पोल हाताने हलत असेल, त्याच्या बुडाशी ओल परत परत येत असेल किंवा झाकणाला तडा दिसत असेल तर आणखी काही करू नका. एम-सील लावून ती वाचत नाही, बॅटरी बदला. जुनी बॅटरी मांडवात पडू देऊ नका आणि भंगारवाल्याला फोडायलाही देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना जुनी दिली की दुकानदार किमतीतून पैसेही कमी करतो. बिलावर ती वजावट लिहिली आहे का, तेवढं पाहून घ्या.