ओटीचा नारळ आणि स्कॅनरचा पट्टा: विमानाची बॅग भरताना या चुका टाळा

ताई पहिल्यांदा एकटी विमानाने निघाली, तेव्हा आईने तिची ओटी भरली आणि नारळ तिच्या खांद्यावरच्या बॅगेत कोंबला. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर स्कॅनरमधून बाहेर पडताना ती बॅग नेमकी बाजूच्या पट्ट्यावर वळली. जवानाने रुमालाची गाठ सोडली, तांदूळ आणि हळकुंड परत दिलं, नारळ ठेवून घेतला. आईला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

नारळाची अडचण त्यातल्या तेलाची. सुक्या खोबऱ्याची वाटी तर आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते. ती ना केबिनमध्ये चालते, ना चेक-इनच्या सामानात. 'हातात नको म्हणतात ना, मग मोठ्या बॅगेत टाकू' हा आपला ठरलेला तोडगा इथे फसतो. लायटरचंही तेच.

पॉवर बँकचं बरोबर उलटं. ती हातातच हवी. लिथियम बॅटरी केबिनमध्ये धुमसायला लागली तर कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विझवता येते. खालच्या कप्प्यात कळेपर्यंत उशीर झालेला असतो. चेक-इन बॅगेत ती दिसली की तुम्हाला बोलावून घेतात, कुलूप उघडायला लावतात, आणि इकडे बोर्डिंगची वेळ सरत असते. मर्यादा १०० वॉट-अवरची, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. पॉवर बँकवरचा आकडा घासून पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवा. तिथे वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो द्रवपदार्थांचा. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला एक कट उघडकीस आला: शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरून जाणारी विमानं उडवायची. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानाला १०० मिलिचा नियम लागला. पण मोजतात ती बाटली, आतला ऐवज नव्हे. २०० मिलिच्या बाटलीत तळाशी बोटभर खोबरेल तेल उरलं असेल, तरी ते गेलंच. आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नि शाम्पू नाही; श्रीखंड, तूप, आमरस, मुरांबा, सगळे त्याच रांगेत. मिरचीचं लोणचं तर देशांतर्गत विमानातही हातात नेता येत नाही. बाकरवडी, चकली, पुरणपोळ्या मात्र खुशाल न्या.

अमेरिकेला लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांसाठी एक जादा सूचना. जून २०१८ पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत हातातली ३५० मिलिहून जास्त पूड वेगळी तपासतात, शंका आली तर काढून घेतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चेक-इनलाच टाका. दुबईला निघाला असाल तर अनारसे घरीच ठेवा. हा सिक्युरिटीचा नाही, तिथल्या कायद्याचा प्रश्न आहे: खसखस तिकडे बंदी असलेल्या मालात येते.

"अहो, तिकडे चालतं की!" हे वाक्य रांगेत हमखास ऐकू येतं. खरंय. एडिनबरा विमानतळावर नव्या स्कॅनरमुळे २०२५ पासून दोन लिटरपर्यंतची बाटली चालते. २००१ च्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटकं लपवून आणली, त्यानंतर अमेरिकेत बूट काढायची पद्धत पडली. जुलै २०२५ मध्ये तीही उठली. पण नियम तुम्ही ज्या विमानतळावर तपासणीला उभे राहता तिथला. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका, पावतीही आतच राहू द्या.

आदल्या रात्री हँडबॅग पूर्ण उलटी करून झटका. सिंहगडावर काकडी कापायला नेलेली सुरी तिच्याच एखाद्या कप्प्यात असते.

ताई हल्ली निघताना ओटीचा नारळ देवापुढे ठेवून जाते. आईला वाटतं, पोरीची भक्ती वाढली.