बेतीच्या धक्क्यावरून हॉटेल मांडवी कसं रेखाटावं

पणजीत हॉटेल मांडवीच्या पायथ्याशी चित्राला बसू नका. मान अवघडते, आणि उभ्या रेषा वर निमुळत्या होत गेल्या की नवशिक्याचा धीर सुटतो. फेरीबोटीने पलीकडे बेतीला जा, पायी माणसाला तिकीट नाही. मध्ये नदीचं पात्र आलं की दर्शनी बाजू जवळजवळ सपाट दिसते. लोपबिंदूची, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूची, कटकट राहत नाही.

वेळ मात्र नीट निवडा. माझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं हवा चांगली म्हणून डिसेंबरात जायची. पण या इमारतीचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे तिच्या पाठीमागून फिरतो. दिवसभर दर्शनी भाग सावलीत, सज्जे एकमेकांत मिसळून गेलेले. म्हणून मे महिना धरा. सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडे उगवतो आणि सकाळचं तिरपं ऊन दर्शनी भिंतीवर येतं. गोव्यात त्या दिवसांत भर दुपारीसुद्धा तो डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. घाम येणारच. टोपी घ्या.

आधी मागे आल्तिन्होच्या डोंगराची कड काढा, मग डावीकडे जुन्या सचिवालयाचं कौलारू छप्पर. हे छप्पर गाळायचं नाही. आजच्या टॉवरांच्या हिशेबात मांडवीची इमारत बेताचीच. पण 1952 साली, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळी ती उघडली, तेव्हा आजूबाजूला कौलंच कौलं. तिचा रुबाब कागदावर आणायचा तर शेजारी कौलं हवीतच.

आणि खिडक्या मोजू नका! वर्गात हा रोग फार. चिऱ्याच्या घरात भिंतच भार पेलते, म्हणून खिडक्या अरुंद आणि सुट्या. मांडवीसारख्या काँक्रीटच्या सांगाड्यात तो भार खांबांवर जातो, भिंत मोकळी होते, सज्जे आडवे पसरू शकतात. आर्ट डेकोची, म्हणजे या इमारतीच्या वास्तुशैलीची, सगळी गंमत त्या आडवेपणात. तेव्हा 4बी, म्हणजे मऊ, गडद पेन्सिल आडवी धरून सज्ज्यांखालच्या सावल्यांचे पट्टे एका दमात ओढा. उन्हाची जागा कोरा कागद.

कॅसिनोच्या बोटी मध्ये येतातच. मी त्या ठेवतो, पण एचबीने, म्हणजे त्याहून कडक पेन्सिलीने, फिकट. त्यांच्या पाट्या लिहीत बसायचं नाही.

रंग द्यायचाच तर फक्त पाण्याला. मेमध्ये हिरवट करडा पुरे. लालसर गढूळ पाणी पावसाळ्यातलं, ते या चित्रात नको.