पत्ता सापडला म्हणण्याआधी ‘लोकेशन टाइप’ बघा

जिओकोडिंग एपीआयकडून (पत्ता पाठवला की नकाशावरची जागा कळवणाऱ्या सेवेकडून) अक्षांश-रेखांश आले म्हणजे पत्ता सापडला, असं धरून चालू नका. गूगलच्या उत्तरात ‘लोकेशन टाइप’ हे फील्ड असतं, ते आधी वाचा. ‘रूफटॉप’ असेल तर नेमकी जागा मिळाली. ‘रेंज इंटरपोलेटेड’ म्हणजे रस्त्यावरच्या दोन ठिकाणांमधला अंदाज, आणि ‘अप्रॉक्सिमेट’ म्हणजे बऱ्याचदा नुसती पेठ किंवा गाव. शिवाय उत्तरात ‘पार्शल मॅच’ (अर्धवट जुळणी) अशी खूण असेल, तर पूर्ण पत्ता जुळलेलाच नाही.

आपल्याकडचे पत्ते असे असतात: ‘फ्लॅट ७, श्रीराम अपार्टमेंट, मारुती मंदिरामागे, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’. यातला फ्लॅट आणि ‘मंदिरामागे’ काढून उरलेला पत्ता पाठवून बघा. काढलेला मजकूर मात्र फेकू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. पार्सल घेऊन येणाऱ्याला घर त्यावरूनच सापडतं!

वेगवेगळ्या इमारतींचे वीस-पंचवीस पत्ते एकाच बिंदूवर पडले, तर तो बहुतेक पेठेचा मध्य असतो. अशा ग्राहकांना नकाशा दाखवून पिन स्वतः दारापर्यंत सरकवायला सांगा.