पावसामुळे उघडकीस आलेला दाह

जनुकीय कारणांनी होणाऱ्या मेंदूविकासाच्या विकारांतील दाह आणि एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जनुके चालू-बंद होण्याचे नियंत्रण) या विषयावर पीएचडी करायला येणाऱ्यांना, रेट सिंड्रोम या मेंदूविकासाच्या विकारामागे एमईसीपी२ या जनुकातील बदल असल्याचे १९९९ साली हुडा झोगबी यांच्या गटाने दाखवले, हे ठाऊक असतेच. म्हणून माझी फसगत झाली तेथूनच सुरुवात करतो.

मुंबईतील एका प्रयोगशाळेत मी उंदरांच्या मेंदूतून मायक्रोग्लिया पेशी वेगळ्या करीत असे. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी उंदरांची ऊती आधी होई आणि सॉर्टर (पेशी निवडून वेगळ्या करणारे यंत्र) मोकळा होईपर्यंत म्यूटंटची, म्हणजे जनुकात बदल असलेल्या उंदरांची ऊती ३७ अंशांवर, पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइममध्ये पडून राही. आठ महिने म्यूटंटमध्ये फॉस, जून, टीएनएफ ही पेशी चेतवल्यावर सक्रिय होणारी जनुके वाढलेली दिसत होती आणि गाइड खूश होते. जुलैच्या एका पावसात हार्बरच्या गाड्या बंद पडल्या, सॉर्टर चालवणारी सहकारी उशिरा पोहोचली, आणि त्या दिवशी ताटकळलेल्या कंट्रोल ऊतीतही तोच ‘दाह’ उमटला.

मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी आहेत. उबदार एन्झाइम आणि ऊतीची चिरफाड ही त्यांच्या लेखी इजाच असते. त्या काही मिनिटांतच प्रतिसाद देऊ लागतात, आणि त्याबरोबर क्रोमॅटिनही (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी) मोकळे होते. त्यामुळे आरएनए व एपिजेनेटिक मोजणी जुळली, तरी दोन्ही एकाच नळीतून आलेली असतील तर तो स्वतंत्र पुरावा नव्हे. हे मला कोणी सांगितले नाही, आणि ‘दाह दिसतोय ना, मग लिहायला घे’ म्हणणाऱ्या गाइडपासून, तसेच ऊतीतून पेशी सुट्या करण्याच्या तयार किटच्या भरवशावर राहण्यापासून, तुम्ही दूर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही धीर सोडू नका. निरोगी मायक्रोग्लियांसाठी केलेल्या अस्थिमज्जारोपणाने रेटच्या उंदरांचा आजार थांबतो, असे २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले होते, पण २०१५ मध्ये त्याच नियतकालिकात अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो लाभ आढळला नसल्याचे कळवले. दुसरीकडे, एमईसीपी२ जनुक पुन्हा चालू केल्यावर उंदरांतील लक्षणे मागे हटतात, हे एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले होते, त्यामुळे या विषयात घातलेली वर्षे वाया जातील असे मला वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात एकाच निरोगी उंदराच्या मेंदूचे दोन भाग करून एक बर्फावर घोटा, दुसरा ३७ अंशांवर ठेवा, आणि दोहोंतील फॉस मोजल्याखेरीज म्यूटंटला हात लावू नका.