कॉक्स बाजारचं काम, पुण्यातल्या खोलीतून

मदतकार्यात यायचंय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू का, असं विचारणारे फोन दर जूनमध्ये येतात. करा की. पण मला हे काम थोडंफार कळलं ते २०२० साली, पुण्यातल्या खोलीत बसून बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांसाठी राबताना.

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आले. त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. बांबूच्या शिक्षण केंद्रांत ती पाळीपाळीनं बसत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ही केंद्रं बंद झाली. अन्न, पाणी, दवाखाना 'अत्यावश्यक' ठरले. शाळा त्या यादीत नव्हती. (माझं त्यावर अजून भांडण आहे.) म्यानमारच्याच अभ्यासक्रमाचे वर्ग युनिसेफ त्या वर्षी सुरू करणार होती, तेही लांबले.

ऑनलाइन वर्ग? सप्टेंबर २०१९ पासून जवळपास वर्षभर छावण्यांत मोबाइल इंटरनेटवर बंदी होती. मग ठरलं, सरावपुस्तिका घरोघरी द्यायच्या, शिकवायचं आईवडिलांनी. पहिल्या अहवालात मी वाटलेल्या पुस्तिकांचा आकडा मोठ्या दिमाखात टाकला. तिथल्या सहकारी आपांनी (आपा म्हणजे ताई) फोनवर विचारलं, "वाचून कोण दाखवणार?" कित्येक आयांना अक्षरओळखच नव्हती. शेवटी काम तरलं ते छावणीतच राहणाऱ्या रोहिंग्या स्वयंसेवकांमुळे. ते दारोदार जाऊन दोन-चार मुलांना धडा समजावत. पुढच्या अहवालात मी पुस्तिका नाही, गृहभेटी मोजल्या.

बालसंरक्षणाचं काम याहून अवघड. एका खोलीची झोपडी, घरात सगळे बसलेले, आणि फोनवर मुलीला विचारायचं, तुला कुणी मारतं का? ते तसं विचारायचंच नाही. आधी "आत्ता बोलता येईल का?", मग 'हो' किंवा 'नाही' एवढ्यातच उत्तर देता येईल असे प्रश्न, आणि कुणी आलं तर विषय बदलायचा शब्द आधीच ठरवलेला. हे मी पुस्तकातून नाही, आपांकडून शिकले.

एक्सेल शिकाच, त्यावाचून कुणी उभं करत नाही. बंगाली आली तर उत्तम. बांगलादेशातल्या चाटगावची (चितगावची) बोली रोहिंग्या भाषेला जवळची आहे, पण कानावर बसायला वेळ लागतो. परदेशी नेमणुकीची वाट बघत बसू नका. बऱ्याच जागा स्थानिकांनाच मिळतात आणि मिळायलाच हव्यात. त्याआधी आपल्याच शहरातल्या एखाद्या वस्तीत वर्षभर गृहभेटी करा.

हल्ली मुलाखत घेताना मी पदवीबद्दल फारसं विचारत नाही. विचारते ते हे: दार सासूनं उघडलं, बोलायचंय सुनेशी, तर तुमचं पहिलं वाक्य काय?